फ्रिजच्या दारातली बाटली

आमच्या घरात डोळ्यांची साथ कुणी आणली यावर अजून वाद होतो. सासूबाईंच्या मते माझ्या मुलीने, दप्तरातून. दिराच्या मते माझ्या नवऱ्याने, ऑफिसातून. सासरे कुणालाच दोष देत नाहीत, ते म्हणतात त्या वर्षी हवाच वाईट होती. खरं सांगायचं तर साथ मी आणली, आणि हे मला पहिल्या सकाळपासून ठाऊक आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. म्हणजे दुसऱ्यांना शहाणं करणं हा माझा धंदा. त्या पावसाळ्यात माझा निम्मा वर्ग लाल डोळे घेऊन बसत होता. काही पोरांना आया घरी ठेवत, काहींना हातात रुमाल कोंबून पाठवून देत. मी शाळेच्या फाटकाशी उभी राहून त्या आयांना खडसावत असे. डोळ्यात बघितल्याने डोळे येत नाहीत बाई, हातांनी येतात. ज्याचा टॉवेल त्याला, ज्याची उशी त्याला. एक आई म्हणाली, "टीचर, आमच्याकडे माणसं आठ आणि टॉवेल दोन. कसं जमवायचं?" मी म्हणाले, "जमवावंच लागेल." फाटकात उभं राहून बोलायला काय जातं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दरवर्षी चौथीच्या मुलांना वाक्यात उपयोग करायला देते. माझ्याइतका चांगला उपयोग त्यातल्या एकानेही केलेला नाही.

मग एका सकाळी माझ्याच उजव्या डोळ्याच्या पापण्या चिकटल्या. कोमट पाण्याने सोडवल्या तर आत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. नवऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, चिलट गेलं असेल. सांगताना मला पुरतं माहीत होतं की चिलट नाही.

का लपवलं, ते सांगायचं तर घर सांगावं लागेल. आमचं घर निर्मळ गावाच्या बाजूला, केळीच्या वाडीत. सासू-सासरे, मोठा दीर, मोठी जाऊ, आम्ही दोघं आणि आमची मुलगी, इतकी माणसं एका चुलीवर. मी ठाण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही चर्चमध्ये त्याच प्रार्थना म्हणतो एवढंच काय ते माझं आणि या घराचं साम्य होतं. त्यांची घरातली बोली मला अजून नीट येत नाही. इथे लिहिते आहे ती माझ्या कानाला लागली तशी.

त्या साथीच्या महिनाभर आधी मी आणि नवरा विरारला एक फ्लॅट बघून आलो होतो. फक्त बघून. पण त्या इमारतीचं रंगीत चित्रांचं पत्रक माझ्या पर्समध्ये राहिलं, आणि सुट्टे पैसे शोधताना सासूबाईंच्या हाताला लागलं. पत्रकाची नीट घडी घालून त्यांनी ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि वरण वाढलं. त्या दिवसापासून घरात मी काहीही बाजूला ठेवलं की त्यांची नजर त्यावर जायची. मुलीचं दूध वेगळ्या पातेल्यात तापवलं तरी म्हणायच्या, "आतापासून सवय करतीस काय?" अशा घरात मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की माझे डोळे आलेत, माझी उशी, माझा टॉवेल, माझं सगळं आजपासून निराळं करा?

निदान असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता लिहिताना वाटतं की मला फक्त कटकट नको होती.

आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची पद्धत आहे. ती संपली की लहानाने मोठ्याचा आशीर्वाद घ्यायचा. तो बऱ्याच घरांत घेतात, कुणी हात जोडून, कुणी हाताचं चुंबन घेऊन. आमच्या घरात सासूबाईंचा उजवा हात दोन्ही हातांत धरायचा आणि तळवा आधी एका डोळ्याला, मग दुसऱ्या डोळ्याला टेकवायचा. त्यांच्या आईच्या घरची ही रीत, त्यांनी सासरी आणली आणि रुजवली. पहिल्यांदा मला ती फार आवडली होती. केळीचा चीक आणि खोबरेल तेल यांचा वास असलेला तो खरबरीत हात डोळ्यांवर आला की दिवसभराचा शीण उतरायचा, हे मी कबूल करते.

त्या संध्याकाळी मी तो हात डोळ्यांना लावला. टाळला असता तर त्यांनी विचारलं असतं. माझ्यामागून माझ्या मुलीने लावला. मग मोठ्या जावेने, मग दिराने, आणि ऑफिसातून उशिरा आलेल्या माझ्या नवऱ्याने जेवायला बसण्याआधी. त्याच हाताने मग सासूबाईंनी स्वतःचे डोळे पुसले, कारण आशीर्वाद देताना त्यांचे डोळे रोजच भरून येतात.

चौथ्या दिवशी घर लाल झालं. आधी मुलगी, मग सासूबाई, मग दीर आणि नवरा एकाच दिवशी. राहिली दोन माणसं, सासरे आणि बाय. सासऱ्यांचं उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांना सगळ्यांनी ओटीवर बसवून ठेवलं आणि ताट बाहेर नेऊन दिलं. गंमत बघा, सासऱ्यांना बाजूला केलं तर ती काळजी, आणि मी पातेलं बाजूला केलं तर ते घर फोडणं.

बाय म्हणजे माझी मोठी जाऊ. तिला मूलबाळ नाही. घरात सगळेच तिला बाय म्हणतात, माझी मुलगीसुद्धा. ती लग्नाचे गाऊन शिवते. राजोडीपासून आगाशीपर्यंतच्या कितीतरी नवऱ्या तिच्या हातचा गाऊन घालून वेदीपर्यंत चालत गेल्या आहेत. मधल्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन, आणि त्या खिडकीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा या घरात तिला असलेला एकमेव हक्क. पांढऱ्या सॅटिनवर पांढऱ्या दोऱ्याने पांढरे मोती लावत ती तासन् तास बसते. बसायची. मी नवी नवरी असताना मला बोंबील साफ करता येत नव्हते. ते तिने आठवडाभर माझ्या नावावर साफ केले आणि सासूबाईंना कधी कळू दिलं नाही. तिचा हा स्वभाव मला तेव्हापासून माहीत आहे, आणि मी त्याचा फायदा घेत आले.

घरात साथ पसरल्यावर सगळी उस्तवार बायवर आली. पाणी उकळायचं, कापूस बुडवायचा, एकेकाचे चिकटलेले डोळे सोडवायचे, उशांचे अभ्रे धुवायचे. भर पावसात अभ्रे वाळायचे कुठे? पत्र्याखाली दोरीवर दोन-दोन दिवस ओले लटकत. मोरीशेजारी खिळ्याला एकच टॉवेल असे, निळ्या पट्ट्यांचा. तो कधीच वाळत नसे. जो तोंड धुऊन येई तो त्याला पुशी. मी तो टॉवेल बघायची आणि वर्गात काढलेलं चित्र मला आठवायचं. मीच फळ्यावर काढलं होतं, एक टॉवेल आणि त्यावर लाल खडूने मोठी फुली.

सासूबाईंना टॉवेलची भीती नव्हती, नजरेची होती. डोळे आलेल्याच्या डोळ्यात बघितलं की आपले येतात, यावर त्यांचा पक्का विश्वास. म्हणून दिराने सोपाऱ्याहून काळा गॉगल आणला. एक. आजारी माणसाने खोलीबाहेर येताना तो लावायचा, म्हणजे नजर लागणार नाही. माणसं आजारी चार आणि गॉगल एक. मग सासूबाई ओटीवर गेल्या की त्या लावत, आत येऊन काढला की दीर लावे, मग मुलगी तो नाकावरून घसरत असतानाही लावून मिरवे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. मी हसले. खरंच हसले, आणि बायही हसली, हातात कापूस घेऊन.

शेवटी एका शनिवारी शाळेतून येताना मी सात टॉवेल घेऊन आले. सात रंगांचे. जेवणानंतर सगळ्यांसमोर ठेवले आणि सांगितलं, आजपासून ज्याचा टॉवेल त्याला, आणि डोळे बरे होईपर्यंत आशीर्वाद लांबूनच घेऊया.

सासूबाईंनी गॉगल काढला. त्यांचे डोळे सुजलेले, त्यातून पाणी गळत होतं.

"माझा हात वाईट झाला काय आता?" त्या म्हणाल्या.

"तसं नाही आई. डॉक्टर पण हेच सांगतात."

"एकाच टॉवेलाने तोंड पुसून या घरातली तीन माणसं देवाघरी गेली, पन एक पन घर सोडून गेलं नाय. तू टॉवेल वाटून सुरुवात करतीस. उद्या भांडी वाटशील. परवा वाडी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो ताटात बोट फिरवत होता. दीर उठून हात धुवायला गेला आणि त्याच निळ्या टॉवेलला पुसून आला. सासूबाईंनी सातही टॉवेल उचलून पाहुण्यांच्या कपाटात ठेवले. मला खूप राग आला. रागाच्या भरात मी ठरवलं की आता मी काही बोलणार नाही, मरू देत. शिक्षिकेने असं ठरवणं फार सोपं असतं. वर्गात पोरं ऐकत नसली की आम्ही हेच करतो.

औषधाचीही तीच तऱ्हा. डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली होती, आणि प्रत्येकाची निराळी घ्या असं सांगितलं होतं. घरी एक आली. ती सासूबाईंच्या ताब्यात. रोजरी झाली की एकेकाला सतरंजीवर आडवं करून त्या थेंब घालायच्या. त्यांनाच नीट दिसत नसल्यामुळे बाटलीचं टोक पापणीला लावूनच थेंब पाडायच्या, आणि मग पुढचा माणूस.

माझ्या डोळ्यांचं काय झालं, हे मी अजून सांगितलेलं नाही. माझे लवकर बरे झाले. कसे, ते सांगते. शाळेत तपासणी होती आणि लाल डोळ्यांनी जाणं मला परवडणारं नव्हतं. आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणाखाली, सासऱ्यांच्या ऑपरेशननंतरची थेंबांची एक बाटली उरलेली होती. उन्हाळ्यात उघडलेली. ती काही दिवसांत टाकून द्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आमच्या घरात औषध टाकत नाहीत. मी ती कुणाला न सांगता वापरली. दोन्ही डोळ्यांत, टोक पापणीला लागलं असेल नसेल, बाथरूमच्या धुरकट आरशात काय दिसतं? दुसऱ्या दिवशी लाली उतरली. तिसऱ्या दिवशी मी पांढऱ्या स्वच्छ डोळ्यांनी तपासणीला उभी राहिले. बाटली पुन्हा दारात ठेवली, होती त्याच जागी.

सगळे बरे व्हायला लागले तेव्हा बायचे डोळे आले. इतके दिवस सगळ्यांचे डोळे पुसलेली ती एकटी राहिली होती. डाव्याचं काही विशेष नव्हतं. उजवा मात्र दोन दिवसांत मिटला तो उघडेना. त्यात ठणका लागला. खिडकीतला उजेड तिला सहन होईना, म्हणून तिने आपल्याच मशीनकडे पाठ करून पलंगावर भिंतीकडे तोंड केलं. घरातली बाटली संपली होती. डॉक्टरांचा दवाखाना दोन दिवस बंद होता. मशीनवर एक गाऊन अर्धा लावलेला होता, कळंबच्या एका मुलीचा, आणि ती मुलगी फोन करून करून विचारत होती.

"डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात जाऊया," मी म्हणाले. हे मी म्हणाले, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांचे बरे झाले, तिचे होतील, डोळे आल्यावर कोन मोठ्या दवाखान्यात जातं? दिराला वाडीत काम होतं. मी एक रिक्षा बोलावून तिला घेऊन जाऊ शकले असते. त्याऐवजी मी फ्रिज उघडला.

"बाय, हे घाल," मी म्हणाले. "माझे एका दिवसात उतरले होते. कुणाला सांगू नकोस, ऑपरेशनच्या औषधाला हात लावला म्हणून आई ओरडतील."

तिने विचारलंही नाही की कसलं औषध. मी टीचर, मी देते म्हणजे बरोबरच असणार. मी स्वतः तिचा डोळा उघडून थेंब घातला. दर चार तासांनी. दुसऱ्या दिवशी लाली कमी झाली, ठणका थांबला, आणि बाय उठून मशीनवर बसली. मला इतकं बरं वाटलं. मी मनात म्हणाले सुद्धा, बघा, या घरात शेवटी माझंच खरं ठरतं. दोन दिवस तिने मोती लावले. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली आणि हळूच विचारलं, "सुईचं नाक तुला दिसतं काय गं? माला धुरासारखं दिसते."

मी तिचा डोळा उघडून बघितला. बुबुळावर पांढुरका ठिपका होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही तिघी गेलो, बाय, सासूबाई आणि मी. डॉक्टर तरुण होते, थकलेले, बाहेर लाल डोळ्यांची रांग. त्यांनी यंत्रातून बराच वेळ बघितलं आणि मग विचारलं, काय घातलं होतं? सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांना दिलं तेच. डॉक्टर म्हणाले, ते नाही, दुसरं काहीतरी घातलेलं दिसतं. बाय म्हणाली, "फ्रिजमध्ये सासऱ्यांचं होतं. ते घातलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"मीच. माझ्या मनाने."

मी तिच्या खांद्यामागे उभी होते. माझा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

"बाटली कधी उघडलेली? आणखी कुणी वापरली होती?"

बाय क्षणभर थांबली. "नवीनच होती," ती म्हणाली. "माझ्याशिवाय कोनी नाय."

बाटली उन्हाळ्यापासून उघडी होती. ती माझ्या पू भरलेल्या डोळ्यांत जाऊन आली होती. हे सगळं त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस मी होते. डॉक्टरांनी लिहून घेतलं. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते मला स्पष्ट आठवतं. सासूबाई शेजारी आहेत, आत्ता सांगितलं तर घरी महाभारत होईल, नंतर डॉक्टरांना एकटीने येऊन सांगू. मी गेले नाही. पुढच्या खेपेला दिराने तिला नेलं. ऑपरेशननंतरच्या त्या औषधाने लाली दबते आणि आतला रोग मोकाट सुटतो, हे मला नंतर समजलं. ते समजून घ्यायला मी दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेले, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

बायचा उजवा डोळा वाचला, म्हणजे जागेवर राहिला. त्यात फूल पडलं. त्या डोळ्याने तिला उजेड आणि अंधार कळतो, माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. कळंबच्या मुलीचा गाऊन दुसऱ्या कुणीतरी पुरा केला. घरात सगळ्यांनी बायला बोल लावला. मनाचा शहाणपणा नडला, दिराने म्हटलं. सासूबाई तर उठता-बसता म्हणायच्या. तिच्या हातून कप निसटला, भातात खडा राहिला, की झालं सुरू. "फ्रिजमधली बाटली डोळ्यात घालनारी, तिला काय दिसनार!" बाय उत्तर द्यायची नाही. एकदाही तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी म्हणू शकते. म्हणायला काय जातं?

वर्षभराने आम्ही विरारला राहायला गेलो. माझ्या नव्या बाथरूममध्ये तीन खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर एकेकाचा टॉवेल. दर दोन दिवसांनी मशीनमध्ये धुतलेले, गॅलरीत खडखडीत वाळलेले. पहिल्या दिवशी ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला चीड आली, कुणाची ते कळेना.

दर रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर आम्ही वाडीतल्या घरी जातो. बाय आता गाऊन शिवत नाही. गावातल्या बायकांचे साडीचे फॉल, परकरांचे नेफे, असलं सरळ काम घेते. सुईत दोरा तिला ओवता येत नाही. ती आठवडाभराच्या सुया माझ्यासाठी ठेवते. मी खिडकीत बसून दोरे ओवते आणि एकेक सुई जुन्या उशीत टोचत जाते. पांढरा, काळा, पांढरा, लाल. हे काम मी मागून घेतलं. घरात सगळे म्हणतात, धाकटी किती करते मोठीचं.

मागच्या रविवारी बायच्या हातून बशी पडली. बशी फुटली नाही, नुसती घरंगळत टेबलाखाली गेली. सासूबाईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, ती बाटली मी दिली होती. थेंबही मीच घातले. तिने काही केलं नाही."

दीर वाडीत होता, नवरा मुलीला घेऊन बाहेर गेला होता. घरात आम्ही तिघीच. मला वाटलं आता आभाळ कोसळेल. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी हातातली पाकळी सोलून पुरी केली.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "बाय पलंगावरून उठत नव्हती तवा. फ्रिजपाशी कोन गेलं ते मी नाय काय बघितलं? माझे डोळे आले होते, गेले नव्हते."

मी म्हणाले, "मग इतके दिवस तिला का बोलता?"

"तुला बोलले असते तर माझ्या पोराला नि नातीला घेऊन निघून गेली असतीस. ती कुठं जानार?" त्यांनी दुसरी पाकळी घेतली. "तरी गेलीसच."

मी बायकडे वळले. ती बशी उचलून उभी होती, डावी बाजू माझ्याकडे करून, आता ती अशीच उभी राहते. मी माफी मागितली. नीट शब्द जुळवून मागितली नाही, रडत मागितली. तिने ऐकून घेतलं. माझ्यावर ती रागावेल अशी माझी तयारी होती. मला जवळ घेईल, अशीही थोडी होती, कारण इतकी वर्षं तिने तेच केलं होतं.

"आता काय सांगतीस?" ती म्हणाली. "सांगायचं तर त्या दिवशी सांगायचं ना. डॉक्टर विचारत होते बाटली कधीची, कोनी वापरली. कधीची ते माला काय ठाऊक? मी बोलले नवीन हाय. तुला वाचवायला बोलले." तिने बशी हाताने पुसली. "पन माला वाटलं, तू मधी बोलशील. तू माझ्या मागं उभी होतीस. मी वाट बघितली."

सासूबाईंनी लसणाची सालं गोळा केली आणि उठून आत गेल्या. बायने बशी मांडणीत ठेवली, चाचपून, आणि येऊन माझ्यासमोर बसली. उशीत अजून चार सुया रिकाम्या होत्या. तिने त्या बोटाने मोजल्या आणि माझ्याकडे सरकवल्या.

"दोरा लांब घे," ती म्हणाली. "मागच्या वेळी आखूड घेतलास. गुरुवारीच संपला."